चिरेत ग्रीस भरू नका

माझे मामा वाळवा तालुक्यात शेती करतात. स्वतःचा ट्रॅक्टर आहे, रोटाव्हेटर घरच्या रानात चालतो आणि भाड्यानेही जातो. परवा फोनवर बोलता बोलता म्हणाले, "गिअरबॉक्सच्या शाफ्टला बारीक चीर दिसली होती, पण आता काळजी नाही, ग्रीस भरून टाकलंय." हे कुणी सांगितलं विचारल्यावर त्यांनी मला एक मेसेज पुढे पाठवला. शीर्षक, "शाफ्ट तुटण्याचं खरं कारण, जे कंपन्या सांगणार नाहीत". शेवटी नेहमीचं, जास्तीत जास्त शेतकरी बांधवांपर्यंत पोहोचवा. लोकांनी तो पोहोचवलाही आहे. माझ्याच ओळखीच्या ग्रुपांवर तो फिरताना दिसला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सतत हादरे बसून लोखंडाचे स्फटिक होतात आणि ते ठिसूळ होतं. चीर वाढते ती फक्त ओढ बसल्यावर. शाफ्टला तर नुसता पीळ बसतो, त्यामुळे तिथली चीर आहे तेवढीच राहते. तरी शंका असेल तर चिरेत ग्रीस भरा, ग्रीस काळं पडलं की चीर भरली असं समजा. नाहीतर वरून वेल्डिंग मारा. शाफ्ट तिरका तुटला तर माल भेसळीचा. आणि हातोडी मारून खणखणीत आवाज आला तर शाफ्ट ठणठणीत.

तुटलेले भाग तपासणं हे माझं रोजचं काम आहे. यातलं काय खोटं आणि काय अर्धवट खरं, ते सांगतो.

स्फटिकांचा मुद्दा लवकर संपवू. पोलाद भट्टीतून ओतून थंड होतं तेव्हापासूनच स्फटिकांचं बनलेलं असतं. हादऱ्यांनी ते नव्याने होत नाहीत. तुटलेल्या तोंडावर जो चमकदार, दाणेदार भाग दिसतो तो शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला भाग असतो. स्कॉटिश अभियंता रँकिन यांनी १८४३ मध्येच रेल्वेच्या आसांवर लिहिताना दाखवलं होतं, की चीर आसाच्या खांद्याच्या, म्हणजे जिथे त्याची जाडी एकदम बदलते तिथल्या, कोपऱ्यात सुरू होते आणि हळूहळू आत सरकत जाते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी निकालात निघालेली गोष्ट आजही 'खरं कारण' म्हणून फिरते आहे.

आता 'पिळाने चीर वाढत नाही' हे वाक्य. मेसेजमधली बाकीची चूक याच्यावरच उभी आहे.

१९०३ मध्ये युइंग आणि हम्फ्री यांनी स्वीडिश लोखंडाच्या गुळगुळीत पट्ट्या उलटसुलट वाकवल्या आणि मधे मधे थांबून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. आधी काही दाण्यांवर बारीक रेघा उमटल्या. मग त्या रेघा रुंद झाल्या आणि पुढे त्यांच्याच जागी चिरा पडल्या. या रेघा म्हणजे स्फटिकातला एक थर दुसऱ्यावरून घसरल्याच्या खुणा. असं घसरणं म्हणजेच शिअर, कातरभार. पट्टी वाकवा, ओढा किंवा पिळा, साध्या पोलादात थकव्याच्या, म्हणजे भार पुन्हा पुन्हा बसून पडणाऱ्या, चिरेची सुरुवात बहुतेक वेळा अशा घसरण्यातूनच होते. पिळात तर हा कातरभार सगळ्यांत सरळ मिळतो. शाफ्टच्या पृष्ठभागावर तो दोन दिशांना सर्वांत जास्त असतो: शाफ्टच्या लांबीला समांतर आणि लांबीला आडवा.

म्हणूनच पिळाच्या शाफ्टवरची पहिली चीर अनेकदा लांबीच्या दिशेने सरळ गेलेली दिसते, आणि म्हणूनच ती ओळखू येत नाही. रोल केलेल्या बारमध्ये मँगनीज सल्फाइडची अशुद्धी लांबीच्या दिशेने ताणून पसरलेली असते, ती चिरेला आयती वाट देते. बघणारा म्हणतो, 'ही बारचीच रेघ असेल.' पुढे ती चीर फाटा फोडून ४५ अंशांत वळते, कारण पिळात सर्वांत जास्त ओढ त्याच कोनात बसते. म्हणजे पिळात ओढ नसते हेही खोटंच. ज्याला पटत नाही त्याने खडू घेऊन दोन्ही हातांनी पिळावा. तो ४५ अंशांच्या, मळसूत्रासारख्या वळणाऱ्या तोंडाने तुटतो, आणि तो ओढीनेच तुटलेला असतो.

किती वेगाने वाढते? पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे फिरतो. त्याचा जॉइंट कोनात चालत असेल तर दर फेऱ्याला पीळ दोनदा कमीजास्त होतो. म्हणजे मिनिटाला १,०८० वेळा, तासाला ६४,८०० वेळा. त्यात पाती दगडाला लागतात ते धक्के वेगळे. यातला प्रत्येक हेलकावा चीर पुढे ढकलतोच असं नाही, पण दिवसभराच्या कामात हा आकडा पाच लाखांवर जातो. दिसलेली चीर 'हंगाम काढेल' असं म्हणताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

आता यात एक अर्ध सत्य आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. कातरभारातली चीर कधी कधी खरोखर मंदावते. ओढीच्या चिरेत दोन्ही तोंडं एकमेकांपासून दूर जातात. कातरभारात ती एकमेकांना चिकटून घासत राहतात. तोंडं खडबडीत असतात, एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खाचांत अडकतात. शाफ्टला दिलेल्या पिळाचा काही भाग या घर्षणातच जिरतो आणि चिरेच्या टोकापर्यंत कमी पोहोचतो. चीर जितकी लांब, तितकं घासणारं क्षेत्र जास्त. त्यामुळे गोल शाफ्टवरच्या पिळाच्या प्रयोगांत चीर लांबत जाताना तिचा वेग उतरलेलाही दिसला आहे. कुणीतरी अशी मंदावलेली चीर पाहिली असेल, आणि त्यावरून 'वाढतच नाही' असं ठोकून दिलं असेल.

आणि याच ठिकाणी हा मेसेज सांगतो, ग्रीस भरा!

चिरेला अडवणारी एकच गोष्ट तिथे आहे, ती म्हणजे घर्षण. ग्रीसचं कामच घर्षण घालवणं. जी तोंडं एकमेकांना धरून होती ती ग्रीसमुळे सहज सरकतात आणि पिळाचा जास्त भाग थेट टोकाशी जातो.

तेल चिरेचं काय करतं हे शोधायला नवीन संशोधन लागत नाही. १९३५ मध्ये वे नावाच्या अमेरिकी अभियंत्याने एकमेकांवर फिरणाऱ्या पोलादी रोलरांवर प्रयोग केले. विषय होता, गिअर आणि बेअरिंगच्या पृष्ठभागाचे टवके का उडतात. कोरडे रोलर फिरवले तर तसे टवके उडाले नाहीत. तेल घातल्यावर उडाले. पृष्ठभागावरच्या तिरप्या, बारीक चिरेत तेल शिरतं, वरून रोलर जाताना चिरेचं तोंड दाबलं जातं, आत कोंडलेल्या तेलावर दाब चढतो आणि ते चीर पुढे ढकलतं, असं त्याचं स्पष्टीकरण होतं. पातळ तेलात हे जास्त होतं आणि पुरेशा दाट तेलात टवके थांबतात, हेही त्याने नोंदवलं.

मामांच्या शाफ्टवर रोलर फिरत नाही, त्यामुळे तिथे ग्रीसवर तसा दाब चढणार नाही. पण तोंडं गुळगुळीत होण्याचा भाग तिथेही लागू आहे. आगगाडीच्या रुळांच्या बाबतीत तर दोन्ही गोष्टी एकत्र येतात. चाकाखालच्या कातरभाराने रुळाच्या डोक्यावर बारीक चिरा पडतात आणि पाणी शिरलं की त्या वेगाने वाढतात. प्रयोगशाळेत चकत्या आधी कोरड्या आणि मग ओल्या फिरवून हे पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनच्या उत्तरेला हॅटफिल्ड इथे अशाच चिरांनी पोखरलेला रूळ धावत्या गाडीखाली तुटला आणि त्याचे तीनशेहून जास्त तुकडे झाले. चार माणसं गेली, सत्तरहून जास्त जखमी झाली. तिथे चिरा आधी दिसलेल्या होत्या. रूळ बदलायचं राहिलं होतं.

मग 'ग्रीस काळं पडलं की चीर भरली' याचं काय? घासणाऱ्या तोंडांमधून पोलादाची अतिशय बारीक भुकटी निघते. कोरड्या चिरेच्या कडेला ती गंजून तांबूस दिसते, ग्रीसमध्ये मिसळली की काळा लगदा होतो. त्या काळ्या ग्रीसचा अर्थ एवढाच, की चीर जिवंत आहे, हलते आहे, आतल्या आत दळते आहे. सर्वांत मोठी धोक्याची खूण या मेसेजने 'आता निर्धास्त राहा' म्हणून विकली आहे. माझा राग यासाठी आहे. चालू रोटाव्हेटरचा शाफ्ट तुटून उडाला तर जवळ उभ्या माणसाला हलायलाही वेळ मिळत नाही, आणि आपल्याकडे पीटीओवरचं प्लास्टिकचं कव्हर किती जणांनी जागेवर ठेवलंय ते आपल्याला ठाऊक आहे.

ग्रीस वाईट असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. पीटीओच्या जॉइंटमधल्या क्रॉसच्या निपलला ग्रीस द्याच, बेअरिंगला द्याच. चीर पडण्याआधी पृष्ठभाग वाचवायला ते हवंच. पडलेल्या चिरेत ते औषध नाही.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात. वरून टाका मारला की चिरेचं तोंड झाकतं, खालचा भाग तसाच राहतो. शाफ्टचं पोलाद बहुधा मध्यम कार्बनचं किंवा मिश्रधातूचं. आधी न तापवता वेल्डिंग केलं की टाक्याच्या कडेला कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो आणि थंड होताना आकसून ओढ धरून बसतो. एका चिरेच्या जागी दोन होतात.

'तिरका तुटला तर माल भेसळीचा' यामुळे भांडणं होतात म्हणून सांगतो. चांगलं, लवचीक पोलाद एकाच मोठ्या पिळाने तुटलं तर सरळ आडवं, सपाट तुटतं. बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड, तिरकं तुटतं. इथवर मेसेजवाल्याचं ऐकीव ज्ञान बरोबर आहे. पण थकव्याने चांगलं पोलादही अनेकदा ४५ अंशांत तुटतं. पीळ एकाच बाजूने असेल तर एक तिरकी चीर, दोन्ही बाजूंनी असेल तर फुलीसारख्या दोन, आणि स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या लांबट दात्यांवर, प्रत्येक दात्याच्या मुळाशी निघून ताऱ्यासारख्या. नुसता कोन पाहून दुकानदाराशी वाद घालू नका.

हातोडीच्या आवाजात तथ्य आहे. रेल्वेत चाकं ठोकून पाहणारे कामगार पिढ्यान् पिढ्या हेच करत आले. मोठा तडा आवाजात कळतो. बारीक, तोंडं मिटलेली चीर मात्र आवाज बदलत नाही, आणि आपला प्रश्न तिचाच आहे.

ती शोधायची तर शाफ्ट काढा, रॉकेल किंवा सॉल्व्हंटने स्वच्छ धुवा, वाळवा. लाल डाय पेनिट्रंटचा फवारा मारा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, कापडाने पुसा, मग पांढरा डेव्हलपर मारा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चिरेत ग्रीस भरलेलं असेल तर लाल डाय आत शिरतच नाही आणि शाफ्ट निर्दोष दिसतो. म्हणजे ग्रीसने चीर वाढवली आणि लपवलीही. मामांसारखं कुणी ग्रीस भरून बसलं असेल तर धुण्यात कसूर करू नका. शक्य असेल तर चुंबकीय कणांची तपासणी करून घ्या.

रेघ उमटली तर शाफ्ट बदलायचा. घासून चीर काढू असं टर्नर म्हणेल; ४० मिलिमीटरचा शाफ्ट ३५ वर आणला तर त्याच पिळाला पृष्ठभागावरचा ताण जवळजवळ दीडपट होतो, हे त्याला सांगा. नवीन करून घेताना स्प्लाइन संपते तिथे आणि खांद्याच्या कोपऱ्यात चांगली गोलाई ठेवायला लावा, तिथे हत्याराची रेघ राहू देऊ नका. आणि जुना शाफ्ट तुटलेला असेल तर भंगारात द्यायच्या आधी त्याचं तोंड धुऊन टर्नरला दाखवा, चीर कुठल्या कोपऱ्यातून निघाली ते त्याला तिथेच दिसेल.