केसपेपरवरचा लाल शेरा कुणाला वाचवतो?

कोल्हापुरातल्या आमच्या नर्सिंगच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: डॉक्टर-नर्सना एचआयव्हीचं आणखी काय शिकवायचं, त्यांना सगळं ठाऊक आहे. त्यापेक्षा प्रत्येक पेशंटची सक्तीनं टेस्ट करा, पॉझिटिव्ह निघाला की केसपेपरवर लाल शेरा मारा, वेगळी खाट द्या. हा भेदभाव नव्हे, स्टाफची सुरक्षा आहे. 23 वर्षं वॉर्डात काढलीत, आता नव्या सिस्टरना शिकवते, गप्प बसवेना.

आधी ती ‘सुरक्षा’ बघू. शेरा नाही म्हणजे पेशंट निगेटिव्ह, हे कुणी सांगितलं? नुकती लागण झालेल्याची टेस्ट काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते. आणि एचआयव्हीवरच का अडायचं? बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात साधारण 3. हिपॅटायटिस बीची, लस घेतली नसेल तर, शंभरात 30 पर्यंत जाते. तरी बीच्या लसीचा तिसरा डोस राहिलेली एखादी सिस्टर मला दर बॅचला भेटतेच.

शेऱ्यानं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलंय. एका दवाखान्यात (नाव नको) लाल शेऱ्याच्या बाईंचं बीपी घ्यायला सिस्टर दोन-दोन ग्लोव्ह्ज चढवून गेली. बीपीला! शेजारच्या खाटेवर आजोबा, केसपेपर कोरा. त्यांचं रक्त तिनं नुसत्या हातानं काढलं आणि वापरलेल्या सुईला टोपण परत बसवलं. सुया टोचतात त्या अशाच वेळी. बाई सगळं बघत होत्या. मला म्हणाल्या, “सिस्टर, बीपी बघाय बी दोन-दोन मोजे लागत्यात व्हय?” दुसऱ्या दिवशी न सांगता निघून गेल्या.

वेगळ्या खाटेचं एका ओळीत: एचआयव्ही हवेतून, चादरीतून, ताटावाटीतून पसरत नाही. टीबी असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ती टीबीची काळजी.

‘सगळं ठाऊक आहे.’ पाठ आहे, एवढं खरं. त्या सिस्टरनंही परीक्षेत लागणीचे मार्ग बिनचूक लिहिले असणार. पण भीती हातात असते, ती व्याख्यानानं जात नाही. म्हणून वर्गात मी सुई टोपण न लावता थेट हब कटरमध्ये (सुई कापणाऱ्या डब्यात) टाकायला लावते, पुन्हा पुन्हा. टोचलीच तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्यानं धुवायची, आणि पीईपीच्या (एचआयव्हीची लागण टाळायच्या) गोळ्या शक्य तितक्या लवकर, 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायच्या. मग एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर असलेल्या, स्वतःहून आलेल्या एक ताई तासभर आमच्यासोबत बसून चहा घेतात. माझ्या सगळ्या स्लाइड्सपेक्षा त्या चहाचा उपयोग जास्त होतो.

सक्तीची टेस्ट आणि सगळ्यांना दिसेल असा शेरा कायद्यातही बसत नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे: टेस्टला पेशंटची संमती हवी, रिपोर्ट गुप्त हवा. त्याच कायद्यानं स्टाफला ग्लोव्ह्जसारखी साधनं, ती वापरण्याचं प्रशिक्षण आणि पीईपी देणं दवाखान्यावर बंधनकारक केलंय. मेसेज लिहिणाऱ्याला स्टाफची एवढी काळजी, तर मागायचं हे होतं.

मी दर वर्गात विचारते, “रविवारी रात्री सुई टोचली, तर पीईपीच्या गोळ्या कुठल्या कपाटात? किल्ली कुणाकडे?” बहुतेक वेळा वर्ग गप्प. मागच्या बॅचच्या एकीनं नंतर फोन केला. किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये असायची, आणि रविवारी पर्स घरी. आता दुसरी किल्ली कॅज्युअल्टीत खिळ्याला टांगलीय.