ते बेट वगळू नका

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहून टाकल्याशिवाय आज हातून दुसरं काम व्हायचं नाही.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या चुलतभावाने ग्रीसचा बेत टाकला. सप्टेंबरात क्रीट, म्हणजे तिथलं मोठं बेट, आठ दिवस, मुलांना घेऊन. मी खुशीत वाचत होते. खाली त्याने लिहिलंय, 'एक दिवस बोटीने फिरणार, पण ते महारोग्यांचं बेट वगळतोय. सुट्टीत मुलांना कशाला ते दाखवायचं? त्यापेक्षा पोहणं आणि बार्बेक्यूवाली बोट बरी.' त्यावर एका वहिनींचं उत्तर, 'बरं करताय. आणि गेलातच तर कशाला हात लावू नका.' पुढे हसणारे तीन चेहरे.

ही सगळी शिकलेली माणसं आहेत. दोघं तर औषधांच्या धंद्यात आहेत. आणि त्या ग्रुपवर माझी आईसुद्धा आहे.

त्या बेटाचं नाव स्पिनालोंगा. क्रीटच्या ईशान्य किनाऱ्याजवळचा एक खडक, जेमतेम साडेआठ हेक्टरांचा. आपल्या हिशेबात एकवीस एकर. व्हेनिसवाल्यांनी १५७९ मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला, १७१५ मध्ये तो तुर्कांच्या हाती गेला. १९०३ मध्ये क्रीटच्या सरकारने ठरवलं की कुष्ठरोगी इथे नेऊन ठेवायचे. ते थेट १९५७ पर्यंत चाललं. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या हयातीत.

दोन वर्षांपूर्वी मी आईला घेऊन तिथे गेले. आम्ही आयोस निकोलाओस गावात उतरलो होतो. धक्क्यावर फलक दिसला, आम्ही मोठ्या बोटीची तिकिटं काढली. दिवसभराची सहल, जेवण धरून. निळंशार पाणी, कोलोकिथाच्या किनाऱ्याशी पोहायला थांबा, कोळशावर भाजलेलं मांस. मीही पोहले, छान वाटलं, ते नाकारत नाही. पण त्या सगळ्यात बेटाच्या वाट्याला आला एक तास. धक्क्यापासून आत जायला दगडी बोगदा आहे. रोगी याच वाटेने आत जायचे, त्याला 'दांतेचं दार' म्हणतात, नरकाचं वर्णन करणाऱ्या त्या इटालियन कवीच्या नावावरून. बोट लागत असताना गाइड माइकवरून म्हणाला, काळजी करू नका, तुम्हाला आम्ही परत नेणार आहोत. बोटभर हशा. आईला इंग्रजी येत नाही. तिने विचारलं, 'काय म्हणाला तो?' मी सांगितलं नाही.

आई त्या बोगद्याच्या तोंडाशी जी थांबली ती हलेना. लोक तिच्या अंगावरून आत गेले, फोटो काढून बाहेर आले. ती भिंतीला हात लावून उभी. (हो वहिनी, हात लावून.) मी म्हटलं, चक्कर येतेय का? तर मान हलवली. मग बोटीचा भोंगा वाजला आणि आम्ही बेट न बघताच परत फिरलो.

आईचं का झालं तसं, ते ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना माहीत आहे. माहीत असून ते हसतात, म्हणून मला राग आलाय.

आईचे थोरले मामा दत्तपूरला होते. वर्ध्याजवळचं दत्तपूरचं कुष्ठधाम, मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये सुरू केलेलं. मामा विशीतच तिकडे गेले, बरे झाले, आणि बरे होऊनही तिथेच राहिले, कारण घरी कोणी बोलावलं नाही. हाताची बोटं आखडलेली, बाकी माणूस धडधाकट. १९७३ ला आईचं लग्न झालं, आर्वीला, घरापुढे मांडव घालून. मंगलाष्टकांच्या आधी गुरुजींनी हाक दिली, 'मुलीचे मामा, मुलीला घेऊन या.' आईला हाताला धरून आणलं ते धाकट्या मामांनी. थोरले मामा आले होते. दत्तपूरहून, धुतलेलं धोतर नेसून. रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाखाली उभे होते. कोणी या म्हटलं नाही आणि ते आपणहून आले नाहीत. तिथूनच अक्षता टाकल्या. त्या मांडवापर्यंत पोचल्या नाहीत, रस्त्यावर पडल्या. आईने अंतरपाटाच्या कडेने ते बघितलं. पंगतीच्या वेळी कोणीतरी त्यांना पत्रावळ नेऊन दिली, झाडाखाली.

हे सगळं आईने मला त्या रात्री आयोस निकोलाओसच्या हॉटेलात सांगितलं. त्याआधी कधी एक अक्षर नाही. पन्नास वर्षं पोटात ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी बसने प्लाकाला. बेटाच्या बरोब्बर समोरचं छोटं गाव. तिथून लहान बोटी सुटतात, दहा मिनिटंही लागत नाहीत. सकाळची वेळ, बोटीत आम्ही धरून सहा माणसं. बोटवाला म्हातारा, एक शब्द बोलला नाही. बोट निघाली, आई एकदा मागे प्लाकाकडे बघायची, एकदा पुढे बेटाकडे. घरांच्या खिडक्या दिसत होत्या, दोरीवर वाळणारी चादर दिसत होती. ती म्हणाली, 'एवढ्याशा अंतरावर होतं व माय हे! हाक मारली तर ऐकू जाईन.'

म्हणून मी सांगते की त्या सहलीत ही दहा मिनिटंच खरी बघायची आहेत. मोठ्या बोटीत कळत नाही, तिथे तुम्ही कोपऱ्यावरची जागा धरण्यात आणि गाण्यांच्या आवाजात असता. प्लाकाहून गेलात की अंतर अंगावर येतं. किनाऱ्यावर आपली माणसं चूल पेटवताना दिसतायत आणि आपण इकडे. भाजी, पाणी, पीठ सगळं त्याच किनाऱ्यावरून बोटीने यायचं. ज्यांच्या हातचा पैसाही आधी निर्जंतुक करून घ्यायचे, त्यांना माल विकायला मात्र हरकत नव्हती.

आणि आत काय आहे? भुताटकी नाही. गल्ली आहे. दुकानांच्या ओळी, कपडे धुवायची टाकी, सेंट पँटेलेइमॉनचं चर्च, वर दवाखाना. कायद्याचं शिक्षण घेत असलेला एक तरुण, एपामिनोंदास रेमुंदाकिस, १९३६ मध्ये इथे आणला गेला. त्याने इथल्या रोग्यांचा संघ उभा केला आणि हक्क मागितले. घरांना चुना लागला, नाटकं झाली, कॉफीची दुकानं चालली. बंदी असून लोकांनी लग्नं केली. निरोगी निघालेली मुलं मात्र आईबापांपासून काढून नेत. १९३६ ऐकून आई चटकन म्हणाली, 'दत्तपूरचंच साल.' मला ते सुचलंही नव्हतं. एकाच साली तिकडे एक पोरगा रोग्यांना उभं राहायला शिकवत होता आणि इकडे वर्ध्याला दिवाण जखमा धूत होते.

मग चाळीसच्या दशकात सल्फोनची औषधं आली, रोग बरा व्हायला लागला, बेट रिकामं झालं. आता तर बहुविध औषधोपचार, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायचा उपचार, आपल्याकडे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोगी दुसऱ्याला लागण देत नाही. बहुतेकांच्या अंगात मुळातच या रोगाशी लढायची ताकद असते. हे शाळेतल्या पोराला कळतं. तरी जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून जास्त आपल्या देशातले. आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागायची सोय आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होती. २०१९! तेव्हा 'तिकडचं कुणाचं तरी दुःख सुट्टीत कशाला' असं म्हणू नका. ते तिकडचं नाही.

मान्य आहे, मुलं कंटाळतील. ऊन मरणाचं असतं. बेटाचं तिकीट बोटीच्या भाड्याहून वेगळं, तोही खर्च. पैसे तुमचे, सुट्टी तुमची. पण मुलांना कंटाळा येईल म्हणून किती गोष्टी लपवायच्या? माझ्या आईपासून तिचा मामा असाच लपवला होता. लहान आहे, कशाला सांगायचं म्हणून. दहा वर्षांची होईपर्यंत तिला वाटायचं, आपल्याला एकच मामा आहे.

इतकं लिहून जरा थांबले. चहा केला. राग थोडा उतरला आहे. वहिनी वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात महिनाभर त्यांनी डबा पोचवला आहे. त्यांनी कधी असा माणूस जवळून बघितला नसेल. मीही कुठे बघितला? मामा गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते. मला फक्त आईचा तो बोगद्याच्या दगडावर ठेवलेला हात माहीत आहे.

बेटाच्या टोकाला दफनभूमी आहे. सिमेंटच्या लाद्या, नावं नाहीत. आईने पर्समधून रुमालात बांधलेले तांदूळ काढले. रात्री हॉटेलच्या स्वयंपाकघरातून मागून घेतले होते म्हणे, मला पत्ताच नव्हता. कुंकू लावलेले. ते तिने एका लादीवर वाहिले, हलकेच, एकेक दाणा नीट पडेल असे. मग परतीच्या बोटीत बेटाकडे तोंड करून बसली, प्लाका येईपर्यंत वळली नाही.

दादा, तू हे वाचशीलच. बोट प्लाकाहून घे. पोहायचं ते दुसऱ्या दिवशी पोहा.

आईने ग्रुपवरचे मेसेज वाचलेत. ती काही लिहिणार नाही. दुपारी भांडी लावताना मला एवढंच म्हणाली, 'जाईन तो. पोराईले टोप्या घे म्हणा. सावली नाही तिथं.'