काळी बाजू इकडे करा

परवा शनिवारी मला एका माणसाने वीस रुपये दिले. "घ्या मावशी, चहा प्या." माझं वय चौतीस, देणारे काका पासष्टच्या आत नसावेत, आणि मावशी कोण तर मी.

आता कबूल आहे की माझा अवतार तसाच होता. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पायात गमबूट, ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत शेणाने रंगलेली, हातात घमेलं. सोमवार ते शुक्रवार मी एसीत बसून दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढते आणि शनिवारी पुण्याबाहेरच्या एका गोशाळेत शेण काढते, कामात फार फरक नाही. 2022 ला गुरांच्या लंपी रोगाच्या साथीत कोणीतरी म्हणालं की माणसं कमी पडतायत, म्हणून एक दिवस गेले ती अजून जातेय. पगार नाही, आणि टिपही कधी नव्हती, परवापर्यंत.

तर काका. पांढरी मोठी गाडी, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, मागून व्हिडिओ काढणारा मुलगा, आणि ड्रायव्हरच्या हातात स्टीलचा भलामोठा डबा. डब्यात तुपातल्या एकावन्न पोळ्या आणि गूळ.

"मावशी, काळी गाय कुठाय?"

म्हटलं काका, काळी गाय नाहीये सध्या, आणि पोळ्या आम्ही घालू देत नाही. गायीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात जे जंतू चारा पचवतात त्यांना एकदम एवढं पीठ आणि गूळ मिळालं की आत ॲसिड होतं, गाय चारा सोडते, बसते ती उठत नाही, कधी कधी जातेच. हिरवा चारा आणलाय, त्याची पेंढी घाला ना. हे भाषण मला आता झोपेतही येतं, कारण दर सणाला द्यावं लागतं. काकांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या घरच्या पोळ्या आहेत. बाहेरच्या नाहीत."

मग त्यांना आमची मंजुळा दिसली. "ही काय काळी!"

"ती म्हैस आहे काका."

काका दोन पावलं मागे. "म्हैस नको, यमाचं वाहन."

म्हटलं, यमाचं वाहन रेडा, ही बाई आहे. आणि पैठणला माउलींनी वेद वदवून घेतले ते रेड्याकडूनच ना? मुलगा मागे फिस्सकन हसला, काकांनी वळून बघितल्यावर पुन्हा व्हिडिओ काढायला लागला.

पलीकडे आमची एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिझियन ही विलायती जातीची दुभती गाय, उभी होती, काळीपांढरी, नकाशासारखी. ऐन दुधात असताना दगडी, म्हणजे कासेला सूज, होऊन दोन सडं गेली म्हणून मालकाने रात्रीत हायवेला सोडलेली. काकांनी तिला एका बाजूने बघितलं, मग फिरून दुसऱ्या बाजूने बघितलं, आणि मला म्हणाले,

"मावशी, हिची काळी बाजू इकडे करा."

मी घमेलं खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत लोकांनी मला गायीसोबत सेल्फी, वासराला केक, बैलाला गॉगल असलं सगळं मागून झालंय, पण साडेचारशे किलोचं जनावर शनीच्या सोयीने फिरवून द्या हे पहिल्यांदाच. तरी काकांना शंका होतीच, म्हणून त्यांनी गुरुजींना फोन लावला. स्पीकरवर.

"गुरुजी, अर्धी काळी चालेल का?"

पलीकडे शांतता. मग गुरुजी म्हणाले, "वशिंड आहे का?"

वशिंड म्हणजे देशी गायीच्या खांद्यावरचा उंचवटा. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "नाही म्हणतात मावशी."

"मग ती गाय नव्हे." झालं, गुरुजींनी निकाल दिला. एचएफ शांतपणे रवंथ करत होती, तिला कोणीतरी सांगायला हवं होतं की इतकी वर्षं लोकांनी जे चहात घातलं ते दूध कोणाचं होतं मग.

हसू येतं पण राग यासाठी येतो की सरकारचंही गणित गुरुजींसारखंच आहे. 2024 च्या सप्टेंबरात देशी गाय राज्यमाता झाली, गोशाळांना दिवसाला गायीमागे पन्नास रुपये अनुदान ठरलं, चांगलंच झालं, पण ते देशीला. संकरित जनावराला काही नाही. आणि आमच्याकडे येतात ती बहुतेक संकरितच, कारण संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू नीट बसत नाही, शेतकऱ्याने त्याचं करायचं काय? 2015 पासून गायीबरोबर बैल-वळूही विकता येत नाहीत कत्तलीला, घरी ठेवावं तर दिवसाला वीसेक किलो हिरवा चारा, वर कडबा, वर पाणी. मग देवळापाशी सोडतात, रात्री, गळ्यातलं दावं काढून घेऊन. दावं का काढतात ते मला अजून कळलेलं नाही, दुसऱ्याला वापरायला असेल. मग ते जनावर उकिरड्यावर खातं, आणि शिळी भाजी पिशवीला गाठ मारून फेकणारे आपणच. मागे डॉक्टरांनी एका गायीची डावी कूस उघडली, उभ्या गायीची, खांद्यापर्यंत हात घालून बाहेर काढत होते, पिशव्या, सुतळी, दुधाचे पाऊच, एक अख्खी राखी. राखी. मी घमेलं धरून उभी होते.

असो, काका.

गुरुजींनी शेवटी तोडगा दिला, काळा कुत्रा चालेल. आणि आमच्याकडे काळा कुत्रा आहे, कालू, गव्हाणीखाली झोपलेला. काकांचा चेहरा उजळला. स्वतः वाकून, मांडी न घालता येणाऱ्या माणसाच्या कष्टाने वाकून, त्यांनी तूप निथळणारी पोळी त्याच्या नाकाशी धरली. कालूने एक डोळा उघडला, हुंगलं, आणि कूस बदलली.

"तुमची जनावरं फार शेफारलीयत," काका मला म्हणाले. तेवढ्यात मागून मंजुळेने लांब जीभ काढून त्यांच्या कडक इस्त्रीवर कॉलरपासून खांद्यापर्यंत एक हिरवा पट्टा ओढला. मी तिला सांगितलं नव्हतं, शपथ.

पण काका चिडले नाहीत हो, हेच तर. रुमालाने खांदा पुसला, पोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला, "तुम्ही लोक खा," म्हणाले, आणि ती वीसची नोट दिली. मला म्हणायचं होतं की काका मी इंजिनिअर आहे, पण तोंडातून निघालं "थँक्यू". आमच्या दादांनी, जे खरंच इथे पगारावर काम करतात आणि ज्यांना आजवर कोणी पाच रुपये दिले नाहीत, हे सगळं लांबून बघितलं. नंतर पोळी खाताना म्हणाले, "ताई, तुमचं बरंय, लगेच बढती मिळाली." पोळ्या मात्र चांगल्या होत्या, खोटं कशाला बोला. घरच्याच होत्या.

आज सकाळी दादांचा फोन. काका परत येणार आहेत, विचारत होते, मावशी शनिवारी असतात ना?