भजनी मंडळात नव्याने जाणाऱ्यांसाठी

चाळीस जणांच्या वाद्यवृंदात चुकलेल्याला गर्दीत लपता येतं. कोकणातल्या भजनी मंडळात ती सोय नाही. पेटीवर बुवा म्हणजे मुख्य गायक, मग पखवाज, झांज आणि मागे टाळ धरून कोरस ओढणारे चार-पाच जण, संपलं. तेव्हा पहिला सल्ला हा, की चुकलात तर लगेच शेजाऱ्याकडे पाहायचं. भुवया किंचित वर, चेहऱ्यावर दया. दोषी कोण हे मंडपाला आपोआप कळतं.

तालमीला वेळेवर जाऊ नका. वेळेवर आलेल्याला सतरंजी घालावी लागते.

सुराबद्दल बुवांशी वाद घालायचा नाही. पेटीचे सूर कारखान्यातून लागून येतात, त्यामुळे तडजोड बाकीच्यांनीच करायची असते. बुवांचा स्वभावही हळूहळू पेटीसारखाच होतो. फारच झालं तर हळूच सांगा, की ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये याच पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. कारण काय, तर हिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही. एवढं बोलून मात्र जेवणाच्या पंगतीत बुवांपासून लांब बसा.

पखवाजवाले असाल तर गणपतीत तुमची चंगळ आहे. यजमानांच्या ओटीवर पोचायचं, हातोडीने वाद्यांतले लाकडी गट्टे ठोकत पान, म्हणजे पखवाजाचं उजवं तोंड, पेटीच्या काळी दोन पट्टीला लावायचं, आणि नेमकं लागलं की बुवा खाकरून म्हणतात, "आज घसा बसलाय, पांढरी दोनला घेऊया." अर्धाच सूर खाली. त्यांना पेटीवर बोट सरकवायचंय, तुम्हाला पुन्हा सगळी ठोकाठोक. यावर सूड म्हणून धुमाला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावायची कणीक घरून कधीच आणू नका. ती यजमानीणबाईंकडे मागा, आणि तीही त्या मोदकांच्या उकडीत कोपरापर्यंत बुडालेल्या असताना. तांदळाच्या पिठाने भागत नाही, गव्हाचंच हवं, हे ठामपणे सांगा. मग त्या हात धुणार, डबा शोधणार, गोळा मळून देणार. तो जास्त झाला तर धुमा बसतो, कमी झाला तर नुसता ठणठणतो. अंदाज येईपर्यंत आरती उरकते आणि पहिला अभंग तुमच्यामुळे लांबला अशी कीर्ती गावभर होते.

टाळकऱ्यांनी लयीकडे लक्ष देऊ नये. ठेका आठ मात्रांचा आहे, त्यातल्या सात तुम्ही लवकर संपवल्यात तर बिघडलं कुठे? भजनात लय चढवायची असतेच, ती बुवांनी चढवायची की तुम्ही, हा तपशील झाला. शिवाय लवकर संपलं की काळ्या वाटाण्याची उसळ गरम मिळते.

पाकिटाकडे आशेने पाहू नका. ते पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, बदलण्यात जातं. उरलं तर पुढच्या पुडीसाठी ठेवतात.

एका धोक्याची सूचना मात्र द्यायलाच हवी. रात्री उशिरा, तिसऱ्या-चौथ्या घरात, सगळे पेंगुळलेले असताना, गजर चालू असतो आणि अचानक कुणीच कुणाकडे बघत नाही. पखवाजाची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला तुकडा, झांज आणि कोरसाचा उचललेला शब्द एकाच समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पडतात. बुवा पेटीवरचा हात काढून घेतात आणि तरी सूर हलत नाही. आपला टाळ कोणता आणि शेजाऱ्याचा कोणता, हेही कळेनासं होतं. असं एकदा झालं की माणूस वाया जातो. मग तो वर्षभर सतरंज्या घालतो, पुडीची वर्गणी भरतो, नोकरीतली रजा चतुर्थीसाठी साठवतो.

यावर एकच उपाय आहे. तो क्षण आला रे आला, की टाळ खाली ठेवायचा आणि मोबाइल काढून चित्रण सुरू करायचं. एक टाळ कमी पडला की सम बरोबर मोडते. चित्रण मंडळाच्या ग्रुपवर टाकताना बुवांचा चेहरा चौकटीत आहे ना, एवढं तेवढं बघा. नाहीतर पुढच्या वर्षीही सतरंजी तुमच्याकडेच.