‘पन्नाशीनंतर कम्प्युटरच्या नादी लागू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

निवृत्त मंडळींच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. सूर आपुलकीचा आहे, त्यामुळे तो पटकन पटतो आणि पटकन पुढे ढकलला जातो. सांगणं एवढंच, की पन्नाशी उलटल्यावर कम्प्युटर शिकायच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी सात कारणं दिली आहेत. सगळं मोबाइलवर होतं. हे डोकं लहान मुलांचं, आपलं नव्हे. इंग्रजी आणि टायपिंग आल्याशिवाय काही जमत नाही. एक चुकीचं बटण दाबलं की सगळं उडतं. इंटरनेट म्हणजे फसवणूक, लांब राहिलेलंच बरं. आता एआय आलंय, तोंडाने सांगितलं की काम होतं. आणि क्लास लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

सातवं कारण मला अर्धंअधिक पटतं, ते शेवटी घेतो. बाकीची क्रमाने.

‘सगळं मोबाइलवर होतं’

बरंचसं होतं, हे खरंच आहे. बोलणं, फोटो, पैसे पाठवणं, तिकीट काढणं यासाठी कोणी टेबलापाशी जाऊन बसू नये. एखाद्याची गरज तिथेच संपत असेल तर त्याने कम्प्युटर नाही शिकला तरी काही बिघडत नाही. मेसेजने एवढंच म्हटलं असतं तर मी हा खटाटोप केला नसता.

अडतं ते पुढे. तीन पानी अर्ज लिहायचा आहे. दोन कागद शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायचे आहेत. वर्षभराच्या खर्चाचा तक्ता करून बेरीज मारायची आहे. फॉर्म म्हणतो फोटो अमुक केबीपेक्षा (केबी म्हणजे फाइलच्या आकाराचं माप) लहान हवा, सही वेगळ्या फाइलमध्ये हवी, आणि दोन्ही जोडताना मधेच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन परत आलं तर भरलेलं पान कोरं झालेलं असतं. लहान पडद्यावर ही कामं होत नाहीत असं नाही, पण रडतखडत होतात.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. आपली फाइल नेमकी कुठे आहे हे फोन सहसा सांगत नाही. आलेला कागद त्या त्या अ‍ॅपच्या पोटात राहतो, आणि फोन बदलला की ‘माझे कागद कुठे गेले’ हा शोध सुरू होतो. कम्प्युटरवर फोल्डर, त्यात फोल्डर, त्यात फाइल हे डोळ्यांना दिसतं. डाउनलोड केलेली वस्तू बहुधा डाउनलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये जाते, तिथून ती उचलून आपल्या जागी ठेवायची, नाव बदलायचं, एक प्रत दुसरीकडे ठेवायची. नवख्याला खरं शिकायचं ते हे. बटणांच्या जागा पाठ करून काही होत नाही, त्या दर दोन वर्षांनी बदलतात. आपली फाइल कुठे गेली, चूक मागे कशी घ्यायची आणि समोरचं पान कोणाचं आहे, एवढं ओळखता आलं की नव्या मशीनसमोरही माणूस गडबडत नाही.

‘हे डोकं लहान मुलांचं’

जपानच्या मासाको वाकामिया यांचा जन्म 1935 चा. बँकेतली नोकरी संपत आली तेव्हा, साठीच्या आसपास, त्यांनी पहिला कम्प्युटर घेतला. तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमधले चौकोन रंगवून त्या नक्षीकाम करू लागल्या. वयस्कांना जिंकता येतील असे खेळ फोनवर नाहीत, म्हणून प्रोग्रॅमिंग शिकून 2017 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांनी आयफोनसाठी स्वतः एक खेळ तयार केला. त्याच वर्षी अ‍ॅपलने त्यांना आपल्या डेव्हलपर परिषदेला, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या मेळाव्याला, बोलावलं. सगळ्यांनी तिथवर पोहोचावं असं मी म्हणत नाही. वय झालं म्हणून दार बंद, हे मात्र खोटं आहे.

आणि मुलांना हे उपजत येतं म्हणतात त्याचं काय? आयईए ही आंतरराष्ट्रीय संस्था अनेक देशांतल्या आठवीच्या मुलांची कम्प्युटर आणि माहिती हाताळण्याची क्षमता तपासते. 2018 च्या पाहणीत सगळ्यांत वरच्या पातळीवर पोहोचलेली मुलं जेमतेम 2 टक्के होती. फोनवर बोटं झरझर फिरतात म्हणजे मिळालेली माहिती पारखता येते, असा अर्थ होत नाही.

वाढत्या वयात शिकायला वेळ जास्त लागतो, हे मान्य. काल दाखवलेलं आज आठवत नाही. पण यातला निम्मा दोष शिकवण्याच्या पद्धतीचा असतो. नातवंड येतं, ‘थांबा, मी करून देतो’ म्हणत माउस ओढून घेतं, चार क्लिकमध्ये काम उरकून निघून जातं. आजोबांनी काय पाहिलं? बाण इकडून तिकडे पळाला एवढंच. शिकवणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही, हा एकच नियम घरात पाळला तरी फरक पडतो. त्याने तोंडाने सांगावं, शिकणाऱ्याने करावं, आणि केलेलं आपल्या शब्दांत वहीत उतरवावं. ‘वरच्या कोपऱ्यातली फुली’ असं लिहिलं तरी चालतं.

ज्याला आपण डोक्याचा प्रश्न समजतो तो कधी कधी नुसता हाताचा किंवा डोळ्यांचा असतो. दोन क्लिकच्या मधे हात किंचित हलतो आणि फाइल उघडत नाही. मग एकदाच क्लिक करून एंटर दाबा, तेच काम होतं. माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेगही कमी करता येतो, बाणही मोठा करता येतो. ब्राउझरमध्ये, म्हणजे वेबसाइट पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये, अक्षरं बारीक वाटली तर कंट्रोल दाबून धरून अधिकचं चिन्ह दाबायचं, पूर्ववत करायला कंट्रोल आणि शून्य. माउस धरून ओढण्याचा सराव हवा असेल तर पत्त्यांचा सॉलिटेअर खेळा. 1990 पासून विंडोजबरोबर आलेल्या त्या खेळाने किती जणांचा हात बसवला असेल कोण जाणे.

‘इंग्रजी आणि टायपिंग हवं’

यावर फार बोलण्यासारखं नाही. सेव्ह, ओपन, कॅन्सल, डाउनलोड असे काही डझन शब्द ओळखीचे झाले की रोजचं काम निभतं, आणि त्यातले बरेच फोनमुळे आधीच ओळखीचे झालेले असतात. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आहे. 2019 पासून उच्चाराप्रमाणे टाइप करण्याची सोयही आली, विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते. दहा बोटांनी टाइप करणं हा नोकरीचा भाग असेल तर शिकावं. पत्र लिहायला दोन बोटं पुरतात.

‘चुकीचं बटण दाबलं की सगळं उडतं’

सगळ्यांत जास्त नुकसान याच वाक्याने केलं आहे. या भीतीपायी माणसं मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसतात.

आधी उपाय सांगतो. लिहिताना काही पुसलं गेलं तर कंट्रोल धरून झेड दाबा, पुसलेलं परत येतं. पुन्हा दाबलं तर आणखी एक पाऊल मागे. फाइल डिलीट झाली तर ती रिसायकल बिनमध्ये पडलेली असते, तिथे तिच्यावर उजवं क्लिक करून रिस्टोअर म्हणायचं. नको ती यादी उघडली तर एस्केप. आणि ज्या चौकटीला लोक सगळ्यांत जास्त घाबरतात ती, ‘बदल सेव्ह करायचे का?’ विचारणारी. तिथे सेव्ह, डोन्ट सेव्ह आणि कॅन्सल असे तीन पर्याय असतात. काय करावं सुचत नसेल तर कॅन्सल. त्याने काहीच होत नाही, तुम्ही होतात तिथेच परत येता. मग निवांत विचार करा.

ही सोय उगाच झालेली नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ नावाच्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम तयार केला. कट, कॉपी, पेस्ट ही आजची पद्धत तिथून घडत आली. तो प्रोग्रॅम प्रकाशनसंस्थेतल्या संपादकांसाठी होता, इंजिनिअरांसाठी नव्हे. ज्याला यंत्राची माहिती नाही तो चुकणार, हे गृहीत धरून मशीन बनवायचं, हा विचार तेव्हापासून चालत आला आहे.

खरोखर उडणाऱ्या गोष्टी आहेत, पण त्यांची यादी छोटी आहे आणि ती माहीत असलेली बरी. शिफ्ट धरून डिलीट दाबलं तर फाइल रिसायकल बिनला वळसा घालून थेट जाते. पेन ड्राइव्हवरून पुसलेलंही सहसा बिनमध्ये सापडत नाही. जुन्या अर्जात नवा मजकूर टाकून तसाच सेव्ह केला तर जुना गेला, म्हणून आधी ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवं नाव द्यायचं. फॉरमॅट (म्हणजे सगळं पुसून डिस्क कोरी करणं) हा शब्द दिसला तर थांबून कोणाला तरी विचारायचं. क्लाउडशी, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीशी, जोडलेल्या फोल्डरमधून काही पुसलं तर ते फोनवरूनही जातं, हेही लक्षात ठेवा. तिथे बहुतेक सेवांची वेगळी कचरापेटी असते, तीत काही दिवस सगळं सापडतं.

बाकी बटणं बिनधास्त दाबा.

‘इंटरनेट म्हणजे फसवणूक’

फसवणूक आहे, आणि भरपूर आहे. पण ती आधी फोनवरच येते: कॉल, मेसेज, लिंक. कम्प्युटर न शिकल्याने यातलं काहीच टळत नाही. फक्त ओळखण्याचं साधन हातात राहत नाही.

ते साधन म्हणजे पत्ता वाचणं. समजा लिंक अशी आहे: अमुकबँक.ग्राहक-सेवा.कॉम/लॉगिन. सुरुवातीला बँकेचं नाव दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण पत्त्याचा मालक सुरुवातीला नसतो. सुरुवातीला दोन तिरक्या रेघा असतील तर त्या सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे या. आधी कॉम, त्याच्या आधी ग्राहक-सेवा. म्हणजे हे पान ग्राहक-सेवा.कॉम नावाच्या कोणाचं तरी आहे, बँकेचं नाही. शेवट ‘को.इन’सारखा दुहेरी असेल तर आणखी एक तुकडा डावीकडे जायचं. हे दहा-बारा पत्त्यांवर करून पाहिलं की नजर बसते. फोनवर, विशेषतः अ‍ॅपच्या आतच उघडणाऱ्या पानांवर, हा पत्ता बऱ्याचदा पूर्ण दिसतच नाही.

‘कुलूप दिसतंय ना, मग साइट खरी’ हा सल्ला अजून दिला जातो. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुम्ही आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं वाटेत कोणी वाचू शकत नाही. साइट चोराची असली तरी कुलूप असू शकतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोम ब्राउझरने 2023 मध्ये पत्त्याशेजारचं कुलूप काढून दुसरं चिन्ह लावलं.

आणखी एक नेहमीचा प्रकार. पडदाभर लाल पान उघडतं, भोंगा वाजतो, ‘तुमच्या कम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलं आहे की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. म्हणजे नंबर दिसला की ढोंग ओळखायचं. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ-4, तरीही नाही गेलं तर पॉवरचं बटण दाबून धरून मशीन सरळ बंद करा. फोन मात्र करू नका, आणि पलीकडचा माणूस सांगतो म्हणून पडदा दुसऱ्याच्या ताब्यात देणारं अ‍ॅप घेऊ नका.

पासवर्डबद्दल लोक उगाच त्रास करून घेतात. दर महिन्याला बदलायचा, त्यात डॉलर नि उद्गारचिन्ह हवं, वगैरे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने 2017 मध्येच ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावण्याची सक्ती नको असं म्हटलं. लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड आठवतोही आणि सहजी फुटतही नाही. प्रत्येक महत्त्वाच्या खात्याला वेगळा ठेवा. घरातल्या वहीत लिहून ठेवला तरी, माझ्या मते, सगळीकडे एकच वापरण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

‘एआय आलंय, शिकून काय करायचं?’

एआयला विचारलं की ते सांगतं, ‘सेटिंग्ज उघडा, अमुक टॅबमध्ये जा, फाइलचं एक्स्टेन्शन तपासा’. टॅब म्हणजे काय आणि एक्स्टेन्शन (फाइलच्या नावातला टिंबानंतरचा शेवटचा तुकडा) कुठे दिसतं हे माहीत नसेल तर उत्तर मिळूनही पुढे सरकता येत नाही. शिवाय ते तुमच्या मशीनवर नसलेल्या जुन्या मेनूचं नावही तितक्याच खात्रीने सांगतं. एवढं मात्र मानतो, की पडद्यावर आलेली चूक जशीच्या तशी कॉपी करून त्याला साध्या मराठीत समजावून मागण्यासाठी ते फार उपयोगी आहे. कॉपी-पेस्ट मात्र आधी यावं लागतं.

‘क्लास लावणं म्हणजे पैसे पाण्यात’

इथे मेसेजशी माझं भांडण थोडं आहे. बरेच क्लास पहिले कित्येक तास कम्प्युटरच्या पिढ्या, सीपीयूचं पूर्ण नाव आणि इनपुट-आउटपुटच्या आकृत्या यांत घालवतात. परीक्षेला ते लागत असेल. पत्र लिहून मेलने पाठवू इच्छिणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. पण यावरून शिकूच नका असं कसं निघतं? स्वतःचं एक खरं काम घ्या, उदाहरणार्थ औषधांची यादी तयार करून ती डॉक्टरांना मेल करणं. त्यात फाइल तयार करणं, नाव देणं, शोधणं, जोडणं, पाठवणं सगळं येतं. रोज अर्धा तास, पण रोज. घरात शिकवायला कोणी नसेल आणि क्लास लावायचाच असेल तर पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: पहिल्या तासाला माझ्या हातात माउस असेल का, आणि मी माझं स्वतःचं काम घेऊन आलो तर चालेल का.