आंब्यावर काय मारलंय? आणि कोणी मारलं?

एप्रिल उजाडला की मुंबईकराचा पहिला प्रश्न, "आंब्यावर काय मारलंय?" प्रश्न रास्तच आहे. पण ते कोणी मारलं, कसं मारलं, हे कोणी विचारत नाही. कीटकनाशकांवरच्या लिखाणातून आपण भीती तेवढी उचलली. कामाचा भाग तिथेच राहिला.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेचल कार्सनचं कीटकनाशकांवरचं पुस्तक 'सायलेंट स्प्रिंग' 1962 सालचं. दहा वर्षांनी अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकाचा शेतीतला वापर जवळजवळ थांबला आणि पुस्तकाचं सार 'रसायन म्हणजे वाईट' एवढंच उरलं. बाईंनी तसं लिहिलेलंच नाही! कीटकनाशक कधीच वापरू नये असं आपलं म्हणणं नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं होतं. त्यांचा राग आंधळ्या माऱ्यावर होता. त्यात मित्रकीटक मरतात आणि वाचलेल्या किडीची पिलावळ त्या औषधाला दाद देत नाही.

हेच हापूसच्या बागेत बघा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक ठरलेलं आहे. मोहोराआधी डेल्टामेथ्रिन 2.8 टक्के, 10 लिटर पाण्यात 9 मिली. बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटताना लॅम्बडा सायहॅलोथ्रिन 5 टक्के, 6 मिली. तिसरीला इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के, 3 मिली. पहिली दोन औषधं पायरेथ्रॉइड गटातली, इथे गट बदलतो, आणि तो बदलायलाच हवा. पहिली फवारणी खोडाफांद्यांवरही पोचली पाहिजे, कारण मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे सालीच्या भेगांत दडतात. होतं काय, नुसता शेंडा भिजतो, तुडतुडे पुन्हा दिसतात, की परत तेच पायरेथ्रॉइड, तेही बुचाच्या मापाने. मग किडी खाणारे कोळी, ढालकिडे संपतात आणि फुलकिड्यांसारखी दुसरी कीड बोकाळते. ऐन फुलोऱ्यात मारलं तर परागीकरण करणाऱ्या माश्याही जातात. स्वतःच्या पैशाने फळधारणा कमी करून घ्यायची!

केरळात कासरगोडला काजूवरच्या ढेकण्या या किडीसाठी सरकारी महामंडळाने 2000 पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं. स्थानिक पत्रकार, डॉक्टर तिथल्या लोकांच्या आजारांबद्दल लिहीत राहिले आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणली. त्या लिखाणात काजू खाणारा नव्हता, बागेखाली राहून तिथलंच पाणी पिणारा माणूस होता. आपल्याकडे कोकणातही तोच काजू, तोच ढेकण्या. वर बाग नि उताराखाली वाडी, विहीर. आपण फॉरवर्ड काय करतो? आंबा मिठाच्या पाण्यात धुवा.

कलमाला फवारणी खालून वर होते, म्हणजे तुषार गड्याच्याच अंगावर. तोंडाला बांधलेला टॉवेल एकदा भिजला की औषध तासन् तास कातडीला लागून राहतं, आणि अंगात जायला कातडी ही मोठी वाट आहे. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा, वारा पाठीकडून, काम संपल्यावर साबणाने अंघोळ, कपडे वेगळे धुणं. उकाड्यात हे सगळं चढवणं जिवावर येतं, गड्याचं काही चुकत नाही. म्हणून काम ऊन चढायच्या आत उरकायचं.

तेव्हा यंदा पेटी मागवताना बागायतदाराला दोन गोष्टी विचारा. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले, लेबलवर किती सांगितलेत? आणि पंपावरच्या गड्याला हातमोजे दिलेत का?