खांदेदुखी ‘तीन सिटिंगमध्ये मुळापासून’ जाते का?

‘हात वर जात नाही? दबलेली नस सुया टोचून आणि हाताने दाबून मोकळी करा. तीन सिटिंगमध्ये खांदेदुखी मुळापासून जाईल. तपासण्या नकोत, साइड इफेक्ट शून्य.’ असा मजकूर जो तो पुढे ढकलतोय. अ‍ॅक्युपंक्चर (सुया टोचणं) आणि मॅन्युअल थेरपी (हाताने दाबून, फिरवून केलेला उपचार) थोतांड आहे असं मी म्हणत नाही. पण हा मजकूर त्या उपचारांवरही अन्याय करणारा आहे.

आधी ती ‘दबलेली नस’. मानेतली नस दबली की कळ हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात, मान वळवली की दुखणं वाढतं. फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे आखडलेल्या खांद्याचा, नसेशी काही संबंध नाही. तिथे सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आखडतं, त्यामुळे दुसऱ्याने हात फिरवून दिला तरी तो अडतो. खांद्याची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) दुखावली असेल, तर स्वतः हात उचलताना कळ येते, पण दुसऱ्याने उचलला तर तो बहुधा बराच वर जातो. कारणं निराळी, आणि इलाज म्हणे सगळ्यांना एकच!

‘तीन सिटिंग’चं काय? अ‍ॅक्युपंक्चरच्या बाजूची एक चांगली चाचणी जर्मनीतली आहे, २०१० साली प्रसिद्ध झालेली, ४२४ रुग्णांची. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ६५ टक्के लोकांचं दुखणं निम्म्याने तरी कमी झालं होतं. खोट्या, म्हणजे तुलनेसाठी नुसत्या दिखाव्याला टोचलेल्या सुयांच्या गटात २४ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३७ टक्के. आकडे दमदार आहेत. मात्र तिथे सहा आठवड्यांत १५ सिटिंग झाल्या होत्या, आणि मोजलं होतं ते दुखणं कमी होणं. शिवाय वेगवेगळ्या जुनाट दुखण्यांवरच्या अनेक चाचण्या एकत्र केल्या, की खऱ्या-खोट्या सुयांतला फरक बराच लहान दिसतो.

मॅन्युअल थेरपीची बाजू याहून लंगडी आहे. उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यानुसार फ्रोझन शोल्डरमध्ये सुरुवातीच्या काळात ती आणि व्यायाम मिळूनही स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा कमी पडू शकतात. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०२०) इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा सोडवणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. वर्षाअखेर कोणताच उपचार ठळकपणे सरस ठरला नाही. ऑपरेशन करूनही जिथे वर्षाचा हिशेब मांडावा लागतो, तिथे तीन सिटिंग!

मग ‘मला गुण आला’ म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. फ्रोझन शोल्डर बहुतेकांचा एक ते तीन वर्षांत आपोआप सैल होत जातो. माणूस उपचाराला जातो तोही कळ शिगेला पोचल्यावर. पुढचा उतार ज्याच्या हाती लागतो, श्रेय त्याला मिळतं.

साइड इफेक्ट शून्य नाहीत. जर्मनीतच अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्या सुमारे २,२९,००० रुग्णांच्या नोंदींत ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना रक्त येणं किंवा काळंनिळं पडणं एवढाच. दोघांच्या मात्र फुप्फुसाभोवती हवा शिरली. खांद्याच्या माथ्याखाली फुप्फुस फार लांब नसतं. आखडलेल्या खांद्याला जोराचा हिसका दिला, तर ठिसूळ हाड मोडूही शकतं.

सगळ्यात घातक आहे ते ‘तपासण्या नकोत’. छातीत दडपण, घाम आणि धाप यांसोबत हात दुखत असेल, तर हृदयविकाराच्या शंकेने तडक रुग्णालय गाठायचं. पित्ताशयाची कळ उजव्या खांद्यात येते, फुप्फुसाच्या टोकाची गाठही खांदा-हात दुखवते. मधुमेहींमध्ये फ्रोझन शोल्डर बराच जास्त आढळतो, म्हणून साखर तपासायला हवी. आणि पडल्यानंतर हात उचलताच येईना, तर कंडरा फाटली आहे का हे आधी बघायचं, कारण उशीर झाला की ती मागे सरकते आणि शिवणं अवघड होतं.